शवासनातून उठवणार कोण

बाईंचा योगवर्ग कायमचा बंद पडला आणि तो मी बंद पाडला. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. वर्ग जोरात चालू आहे असं धरून पुढे चला.

तर वर्ग जोरात चालू होता. सकाळी सहा ते सात, वाचनालयाच्या वरची खोली, तेरा चटया. मग बाई गेल्या. वय एकाहत्तर, झोपेत, कुणाला न सांगता. सर्दीमुळे एक दिवस येणार नसल्या तरी तेरा जणांना फोन करणारी बाई अशी वागते, हा सरळसरळ दगाफटका आहे. मी त्यांना माफ केलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी पाचला त्याच खोलीत शोकसभा ठेवली. वाचनालयाच्या व्यवस्थापकाने मला जिन्यातच गाठलं. "सातपर्यंत नव्या शिक्षकाचं नाव द्या. नाहीतर खोली झुंबावाल्यांना जाते." हे त्याने घसा खाकरून, मान खाली घालून सांगितलं. त्याच्याकडून एवढाच शोक मिळणार होता.

उमेदवार दोन. एक माझी मावशी. बारा वर्षं पहिल्या ओळीत, बाई आजारी असताना चार वेळा वर्ग घेतलेला. मी तिच्याकडेच राहतो आणि जेवतो. दुसरी दाताची डॉक्टरीण. तिच्याकडे योगाचं प्रमाणपत्र आहे आणि माझी एक दाढ अर्धी उघडी आहे.

भाषणांमध्ये बाई साधारण दोन मिनिटं टिकल्या.

"बाईंची पद्धत ज्याला बारा वर्षं ठाऊक आहे त्यानेच ती पुढे न्यावी," मावशी म्हणाली.

"बारा वर्षांत तुमचे तळहात जमिनीला लागले नाहीत, ताई," डॉक्टरीण म्हणाली. "बाई काही बोलल्या नाहीत, तो त्यांचा चांगुलपणा."

"आणि तुम्ही भिंतीवर प्रमाणपत्र टांगून वाकता. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला बऱ्या लवकर आलात!"

"पाच वाजता बोलावलं होतं. पाचला आले."

मत घेतलं. मी धरून तेराजण, सहा इकडे, सहा तिकडे. तेरावं मत माझं. सगळे एकदम माझ्याकडे वळले. मावशी म्हणाली, "रात्री घरी जेवायला यायचंय ना?" डॉक्टरीण म्हणाली, "मंगळवारी दाढेला यायचंय ना?"

"आधी श्रद्धांजली," मी म्हणालो. घाबरट माणसाला अशा वेळी फार भक्ती सुचते.

उभं राहून मौन पाळायचं तर मावशीचे गुडघे दुखत होते. म्हणून ठरलं, दोन मिनिटं शवासन. तेराही जण आडवे झालो. समोर खुर्चीवर बाईंचा फोटो, त्याही छताकडे बघत असल्यासारख्या.

आणि इथे आमच्याकडून चूक झाली. शवासनातून उठवायचं काम बाईंचं. त्या "उठा" म्हणाल्याशिवाय चाळीस वर्षांत कुणी उठलेलं नाही. एकदा खाली आगीचा भोंगा वाजला होता, तरी आम्ही पडून होतो. दोन मिनिटं झाली तशी मावशी म्हणाली, "उठा." तिच्या बाजूचे पाचहीजण हलले नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, "हळूहळू उजव्या कुशीवर वळा आणि उठा." त्यावर मावशी पडल्या पडल्या म्हणाली, "वळून दाखव कोणी!"

आता जो आधी उठेल तो हरला. सव्वापाच झाले. पावणेसहा झाले. एक काका घोरू लागले आणि ते कुणाच्या बाजूचे यावरून वाद झाला.

सांगायला हवं, शवासनात बाई चटईचटईशी येत. मनगट दोन बोटांनी उचलत आणि सोडून देत. हात धप्पकन पडला तर ठीक. माझा हात हवेतच राहायचा. "सोड रे," त्या म्हणायच्या, "हात तुझाच आहे, कोणी पळवत नाही." माझी आई गेली त्या वर्षी मात्र त्या हात सोडत नसत. तपासायचं निमित्त करून नुसत्या धरून बसत. सात वाजून जात, लोक चुळबुळत, कुणाला ऑफिस, कुणाची गाडी, तरी "उठा" येत नसे.

पावणेसातला जमिनीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. डॉक्टरीण न उठता, पाठीवर सरपटत माझ्या चटईपर्यंत आली होती. तिने माझं मनगट दोन बोटांनी उचललं.

"सोड रे," ती म्हणाली. बाईंच्या आवाजात. जमलं होतं, हेच वाईट.

"माझ्या भाच्याला हात लावायचा नाही!" मावशीही सरपटत आली आणि तिने दुसरं मनगट धरलं. दोघी दोन बाजूंनी ओढू लागल्या. तेवढ्यात दार उघडून व्यवस्थापक आत आला. जमिनीवर तेरा माणसं बघून त्याला काहीच वाटलं नाही. "सात वाजत आले. नाव?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "झुंबावाल्यांना द्या. उठा सगळे."

आणि सगळे उठले. काकासुद्धा.

"तुमचं ऐकलं की यांनी," व्यवस्थापक म्हणाला. "तुमचं नाव लिहू?"

मावशी आणि डॉक्टरीण दिवसभरात पहिल्यांदाच एका सुरात म्हणाल्या, "याचं? याला पद्मासन येत नाही!"

"लिहू नका," मी म्हणालो. "बाईंच्या जागी कोणीही बसलेलं मला बघायचं नाही. मीसुद्धा."

वर्ग संपला तो असा. मावशी हल्ली माझं ताट आपटून वाढते. मंगळवारी दाढेला गेलो तर डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या आणि आतून त्यांचाच आवाज येत होता. सकाळी सहाला त्या खोलीतून ढोल बडवल्यासारखं संगीत ऐकू येतं. ते माझंच कर्तृत्व. म्हणून काल पुढील अर्ज दिला.

प्रति, माननीय व्यवस्थापक, वाचनालय.
विषय: वरच्या मजल्यावरील खोली कोणासही न देण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर खोली दररोज सकाळी सहा ते सात या वेळेत उघडी, झाडलेली व पूर्णपणे रिकामी ठेवण्यात यावी. या कालावधीत तेथे कोणीही शिकवू नये, शिकू नये, तसेच कोणाच्याही जागी कोणासही बसू देऊ नये. ही व्यवस्था बाई हजर होईपर्यंत चालू ठेवावी, ही नम्र विनंती.