द्राक्षांची पहिली टोपली

दादरच्या बाजारात मासळी विकणारी दमयंती लेकीकडे जर्मनीला गेली होती. ऋतिका मोझेल नदीकाठच्या एका गावात नर्स होती. द्राक्षं काढून झाली की तिथे मोठा सण असतो. बँड वाजत होता, सजवलेल्या ट्रॅक्टरांवरून नव्या वाइनचे पेले वाटत होते. सगळ्यांच्या पुढे पहिली टोपली घेऊन ऋतिकाची म्हातारी घरमालकीण हेल्गा चालत होती.

"हिचा नवरा मार्चमध्ये गेला," ऋतिका म्हणाली. "गावानं आपल्या आधी हिची द्राक्षं काढून दिली. टोपलीचा मानही हिलाच दिला."

एवढ्या उभ्या डोंगरावर मळे राखणाऱ्या माणसांचं दमयंतीला कौतुक होतंच, पण हे बघून तिचे डोळे भरून आले.

पुढच्या नारळी पौर्णिमेला वरळी कोळीवाड्यात नारळाचा मान दमयंतीच्या घराकडे होता. तिची जाऊ चांगुणा शिमग्यानंतर विधवा झाली होती, म्हणून ती दाराआड उभी होती. दमयंतीने सोनेरी कागदातला नारळ तिच्या हातात दिला.

"माझ्या हातचा चालंल का गो?"

"तुझ्या नवऱ्यानं जन्मभर दर्या पुजलाय. चल."

मिरवणुकीचे म्होरके जगनदादा जरा घुटमळले. मग ढोलवाल्यांना म्हणाले, "वहिनीला पुढं जाऊ द्या."

चांगुणा बिचकतच निघाली. समुद्र दिसला, तेव्हा मात्र तिने पदर सावरला आणि नारळ दोन्ही हातांनी उंच धरला.