कापसात निजलेलं पुस्तक

त्या वर्षी सरकारी खरेदी लांबली आणि कापूस घरातच राहिला. मारेगावकडच्या आमच्या गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं. माणसं ओसरीत निजायची आणि मधल्या खोलीत कापूस राहायचा, पार खिडकीच्या गजापर्यंत. माझी उर्वशी तेव्हा चार वर्षांची. दुपारी हातातली कामं सरली की तिला घेऊन मी त्या ढिगावर चढायची. तिथं बाहेरचा आवाज पोचत नाही. अंग खाजतं, पण झोप अशी येते की आपल्याला कुणीतरी हलकेच श्वासावर तोलून धरलंय असं वाटतं.

तेव्हाच मारेगावच्या वाचनालयात नागपूरहून पसंतीसाठी पुस्तकांचा गठ्ठा आला. आवडतील ती ठेवायची, बाकीची परत. मुलांचं कपाट नवीनच होतं. माझ्या घरी लहान लेकरू आहे, म्हणून तिथल्या ग्रंथपाल विमलताईंनी मलाच गठ्ठा चाळायला बसवलं. त्यात बर्फ होता, सफरचंदं होती, धुराडी असलेली घरं होती. सगळ्यांत खाली एक पातळसं पुस्तक निघालं, ‘ढगांची खोली’. लिहिणारे पांढरकवड्याचे धम्मदीप नावाचे शिक्षक, आणि चित्रं तिथल्याच एका बंजारा तांड्यावरच्या उज्ज्वलाची.

पान उघडलं, तर आमचीच खोली. कापसावर एक मुलगी झोपलेली. खोलीला छप्पर नाही, नुसतं आभाळ, आणि तांड्यावरच्या बायकांच्या ओढणीला असतात तसे आभाळाला आरसे टाचलेले. मुलगी झोपेतच एकेका आरशात डोकावते. एकात वाघ पळसाखाली केस विंचरत बसलाय. एकात हायवेवरचा ट्रकवाला चांदणं भरून हैदराबादला निघालाय, आणि ताडपत्री नीट बांधली नाही म्हणून वाटभर चांदणं सांडत चाललंय.

मी कितीतरी वेळ ते पान धरून बसले.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच गोष्टीसाठी यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. उर्वशीला अक्षरं येत नव्हती, पण कापूस म्हणताना मोठ्यांचे चेहरे कसे होतात ते तिला कळायचं. ती वाचायला लागेल तेव्हा हे पुस्तक त्या कपाटात असावं, एवढंच मला हवं होतं. कापसावर कुणी सुखानं झोपलं होतं, हे तिला कुठंतरी छापलेलं सापडावं.

वाचनालयाची एक रीत होती. जो पुस्तक सुचवेल, त्यानं रविवारच्या बैठकीत त्यातली दोन पानं वाचून दाखवायची. मंडळाला पटलं तर शिक्का, नाही तर पुस्तक परत गठ्ठ्यात. सराव करायला म्हणून मी ते घरी आणलं. रोज ढिगावर बसून वाचायचं, मग दोघींनी झोपायचं. उर्वशीला ते तोंडपाठ झालं. आणि एका दुपारी आम्ही जाग्या झालो, तर पुस्तक नव्हतं.

दंडापर्यंत हात घालून शोधलं. जितकं शोधावं तितका कापूस आत ओढून घ्यायचा. संध्याकाळी नवी वेचणी त्यावरच येऊन पडली आणि गड्यांनी ती पायांनी दाबली. अश्वजितला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “राहू दे वं त्याले. पुस्तकाचंच घर हाय थे.”

रविवारी मी रिकाम्या हातांनी गेले, कडेवर उर्वशी. मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव. त्यांनी पुस्तक आधी चाळलेलं होतं, आणि त्यांच्याही घरी खोलीभर कापूस पडून होता. ते रागावून बोलले नाहीत, थकून बोलले.

“घरात कापूस, वावरात कापूस. आता पोरायच्या पुस्तकातबी कापूसच कायले, शीलाबाई? त्यायले तरी दूर कुठं जाऊ द्या ना.”

त्यांचं म्हणणं मलाही खरंच वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, पुस्तक कुठं आहे.

“कापसात निजलं,” उर्वशी म्हणाली.

सगळे हसले. विमलताईंनी मात्र शिक्क्याची डबी हळूच बाजूला सरकवली. तेवढ्यात उर्वशी माझ्या मांडीवर बसली, तिनं माझे दोन्ही तळवे धरले, उघडले आणि म्हणाली, “वाच.”

मी तळव्यांतून वाचायला लागले. अडखळले की ती पुढचा शब्द सांगायची. पान संपलं की माझा एक तळवा दुसऱ्यावर उलटवायची, मग पुन्हा उघडायची. वाघाचे केस विंचरून झाले. ट्रक निघाला. दोन पानं झाली तशी मी रीतीप्रमाणे थांबले.

पंजाबराव खिडकीबाहेर बघत होते.

“थांबल्या काहून?” ते तसेच पाठमोरे म्हणाले. “थो ट्रकवाला पोचला का नाही?”

उर्वशीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“पलटव ना बाई पान,” ते म्हणाले.

आम्ही शेवटपर्यंत वाचलं. शिक्का मारायला पुस्तकच नव्हतं, म्हणून पंजाबरावांनी सांगितलं की कापूस निघाला की घेऊन या, तोवर गठ्ठा थांबेल.

खरेदी सुरू झाली, बैलबंडी दाराशी लागली, आणि पुस्तक अगदी तळाशी सापडलं. चपटं, उबदार. विमलताईंनी पहिल्या पानावर शिक्का मारला, तर तिथं चिकटलेला कापसाचा एक तंतू शाईखालीच राहिला. त्या काढायला गेल्या, पण उर्वशीनं काढू दिला नाही.

त्या दुपारी मधली खोली रिकामी होती. बोललं की घुमायचं. झोप कशी लागणार, म्हणून मी नुसती सतरंजी टाकली. छपराच्या कवेलूंच्या फटींतून उन्हाचे गोल कवडसे जमिनीवर पडले होते. इतके दिवस ते कापसावर पडायचे आणि विरून जायचे.

उर्वशी रांगत एकेका कवडशावर वाकून बघत होती. अर्धवट झोपेत मी विचारलं, काय दिसतंय.

ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “हळू बोल. हैदराबाद आलं.”