बुडापेस्ट, राहणं फुकट

गुणवंतने तोच फोटो तिसऱ्यांदा टीव्हीवर लावला तेव्हा साधनाने तोंड फिरवलं. फोटोत वाईट काही नव्हतं हो. मागे डॅन्यूब नदी, तिच्यावरचा पूल, पुढे मफलर गुंडाळलेले हे दोघं. पण या माणसाच्या तोंडून त्या सहलीचं कौतुक तिला आता ऐकवत नव्हतं. शुक्रवारची संध्याकाळ, दुबईत करामातला त्यांचा हॉल, जेवायला आलेले मित्र परेश आणि त्याची बायको संपदा, आणि युरोप स्वस्तात कसं करावं यावर गुणवंतचं प्रवचन. महिनाभरात हे चौथं.

"दोघांचे मिळून तीन हजार दिरहम! म्हणजे किती झाले? बहात्तर हजार रुपये. विमान, व्हिसा, फिरणं, खाणं, सगळं त्यात. खलास!"

"आणि हॉटेल?" परेशने विचारलं.

"हॉटेल कशाला? राहणं फुकट. मिहिका आहे ना तिथे!"

मिहिका म्हणजे साधनाच्या सख्ख्या बहिणीची, आशाताईची मुलगी. सांगलीहून शिकायला गेलेली, तेवीस वर्षांची पोर. एक खोली भाड्याने घेऊन राहणारी. खोली कसली, एक पलंग, एक टेबल आणि कपाट. स्वयंपाकघर आणि बाथरूम आणखी दोन मुलींबरोबर सामाईक. त्या एवढ्याशा जागेत हे दोघं सहा दिवस जाऊन पडले होते. बरोबर भेट काय नेली, तर खजुराचं एक पाकीट, तेही गुणवंतच्या ऑफिसात रमजानात वाटलेलं.

"पोरगी भारी गुणी," गुणवंत सांगत होता. "सकाळी उठून पराठे लाटून डब्यात भरून द्यायची. बाहेर खायची गरजच पडली नाही. बाहेर साधी कॉफी घ्या, वीस दिरहम!"

सकाळी म्हणजे पाच वाजता, हे तो सांगत नव्हता. त्या आठवड्यात तिची परीक्षा होती, हेही नाही. साधनाला सगळं आठवत होतं. हा रोज तासभर बाथरूम अडवून बसायचा आणि बाहेर तीन मुली टॉवेल घेऊन उभ्या. फ्रीजमधलं कुणा भलत्याच मुलीचं दही यानं चाटूनपुसून संपवलं, आणि मिहिकाने मुकाट्याने नवीन आणून ठेवलं. आणि तिच्या अभ्यासाच्या टेबलावर, वह्यांच्या शेजारी पाय ठेवून यानं नखं कापली होती. शी! सव्वीस वर्षं संसार केला, पण आपला नवरा इतका ओंगळ आहे हे तिला दुसऱ्याच्या घरात गेल्यावर दिसलं.

पलंगावर हे दोघं झोपायचे आणि मिहिका स्वयंपाकघरात फरशीवर. पहिल्या दिवशी साधना म्हणाली होती, "अगं, मी झोपते खाली." मिहिका म्हणाली, "नको गं मावशी, तुझी कंबर." मग साधना झोपली पलंगावर. सहाही रात्री.

"ईदच्या सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही चौघंही जाऊन यावं म्हणतो," परेश म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते.

"अहो, आपली ओळख ना पाळख," संपदा पुटपुटली. "त्या मुलीला उगाच त्रास."

"त्रास कसला? आपलीच मुलगी आहे," गुणवंत म्हणाला. "थांबा, आत्ताच लावतो फोन."

"अहो, तिला नका विचारू," साधना म्हणाली. "चौघं कुठे मावणार त्या खोलीत?"

"तू गप गं. आपण मावलो की नाही?"

त्याने व्हिडिओ कॉल लावला. मिहिकाने लगेच उचलला. चेहरा उतरलेला, केस कसेबसे बांधलेले, पण हसली. "बोला ना काका. मावशी बरी आहे ना?"

गुणवंतने सगळं सांगून टाकलं. परेशकाका, काकू, दोन मुलं, ईदचे पाच दिवस. "तुझ्याकडेच उतरतील. चालेल ना?"

मिहिका म्हणाली, "काका, मी आता त्या खोलीत नाहीये. मैत्रिणीकडे राहते, तात्पुरती."

साधनाने मान पुढे काढून पाहिलं. मिहिकाच्या मागे अरुंद बोळकांडी होती. भिंतीला टेकून तिच्या दोन बॅगा, त्यांच्यावर कोट टाकलेला.

"का? काय झालं?" तिने विचारलं.

"करारात लिहिलं होतं, दोन रात्रींच्या वर पाहुणे ठेवायचे नाहीत. दुसऱ्या मुलींनी घरमालकिणीला सांगितलं. तिने सोडायला लावली खोली. मिळेल दुसरी. मावशी, आईला नको सांगूस हं, ती उगाच घाबरेल."

संपदाने ताट बाजूला सरकवलं.

"अरेरे," गुणवंत म्हणाला. त्याने दोनदा मान हलवली आणि पुढे विचारलं, "मग ही मैत्रीण कुठल्या एरियात राहते? जागा मोठी आहे का तिची?"

आणि ती वेडी पोर म्हणाली, "विचारून बघते काका."

साधनाने त्याच्या हातातून फोन हिसकावला. "काही विचारायचं नाहीस तू! कुणी येत नाहीये. परेशभाऊजी, कुणी जात नाहीये तिच्याकडे, समजलं?"

"अगं, पाहुण्यांसमोर काय हे," गुणवंत म्हणाला.

"शी! किळस येते हो मला तुमची!" हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की तिचाच आवाज फाटला. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं.

"मिहिका, तोंड नव्हतं का गं तुला?" तिला रडूच यायला लागलं होतं. "दुसऱ्याच दिवशी सांगायचं ना, काका, हॉटेलात जा म्हणून! खोली जाईपर्यंत गप्प कशाला बसलीस?"

मिहिका रागावलेली दिसत नव्हती. तिने फोन जरा जवळ घेतला.

"काकांना मी कशी सांगणार गं? तू होतीस ना बरोबर. मला रोज वाटायचं, आज मावशी सांगेल."

आणि मावशीला फार लागू नये म्हणून तीच घाईने म्हणाली, "जाऊ दे ना आता. तू जेवलीस का?"