टेम्पेवालीच्या अंगणातली तपासणीची विहीर

मित्रांनो, मी विहीर आहे, पण माझे पाणी कधी कुणी प्यायले नाही. मला त्यासाठी खोदलेच नव्हते. जमिनीखालचे पाणी नासले आहे की सुधारते आहे, एवढे सांगण्यासाठी माझा जन्म झाला.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, हमरस्त्याला लागून वारसिनीबाईंचे घर आहे. त्या टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, करून विकतात. सोयाबीन धुवायचे, उकडायचे, सोलायचे, पुन्हा धुवायचे आणि केळीच्या पानांत बांधून आंबवायचे. या कामाला पाणी फार लागते. शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळू लागली आणि बाईंच्या विहिरीला पेट्रोलचा वास येऊ लागला. तेव्हापासून त्या हातगाडीवरचे पाणी विकत घेऊ लागल्या.

मग पाणी तपासणारी माणसे यंत्र घेऊन आली. त्यांनी अंगणात खोल भोक पाडले आणि त्यात एक नळी उतरवली. तिच्या खालच्या भागाला बारीक चिरा होत्या. भोवती धुतलेली वाळू, वर चिकणमाती, सिमेंट आणि तोंडाला कुलुपाचे झाकण. ती नळी म्हणजे मी.

नमुने घ्यायला पालुपी नावाची मुलगी येई. ती आधी मोजपट्टी सोडून पाणी किती खोल आहे आणि त्यावर तेल तरंगते आहे का, ते बघे. मग साचलेले पाणी उपसून काढी. ताजे पाणी आले की काचेच्या कुप्या काठोकाठ भरी, आत बुडबुडा राहू देत नसे, आणि त्या बर्फात ठेवी.

"पोरी, माझं नशीब बर्फात घालून नेतेस, परत काही आणत नाहीस," बाई सोया चाळता चाळता म्हणत.

"निकाल येऊ देत, इबू," पालुपी म्हणे. तिकडे वडीलधाऱ्या बाईला इबू, म्हणजे आई, म्हणतात.

"आला की सांग हो. नातवाच्या लग्नात सांगितलंस तरी चालेल."

दोघी हसत.

पहिल्या कोरड्या महिन्यांत माझ्या पाण्यावर दोन बोटे तेल आले. पालुपीचे साहेब हेंदार्तो स्वतः बघायला आले. "विहीर अगदी बरोबर जागी बसली आहे," ते म्हणाले. मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरे वाटले. पंपाने टाकी बदलली, माझ्यातले तेल उपसून नेले.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कोरड्या दिवसांत पाणी खाली जाते, तेव्हा मातीच्या कणांत अडकलेले तेल सुटून माझ्यात झिरपते. पावसात पाणी वर चढते आणि तेच तेल मातीत दाबून धरते. तेव्हा माझे पाणी नितळ दिसते. मी खोटे बोलत नसे, पण पावसाळ्यातले माझे बोलणे अर्धेच असे.

पुढे तपासणी पावसाळ्यातच होऊ लागली. लागोपाठ दोनदा पाणी स्वच्छ निघाले. हेंदार्तो साहेब म्हणाले, "झालं. बुजवून टाका."

"पाक, एकदा कोरड्या दिवसांत बघू या ना," पालुपी म्हणाली. साहेबांना ती मानाने पाक म्हणे.

"नियमाला दोनच स्वच्छ नमुने लागतात. पंपाचा मालक काम संपवा म्हणून रोज फोन करतोय, आणि तू मला अजून चार महिने थांबायला सांगतेस?"

"थांबायला हवं."

"मग तू कर त्याच्याशी बोलणं."

पालुपी बाईंकडे गेली. तिने बाईंना एवढेच सांगितले, "इबू, पाणी वापरायच्या आधी वास घेत जा."

"माझं नाक तुझ्या कुप्यांपेक्षा जुनं आहे," बाई आनंदाने म्हणाल्या. इतक्या वर्षांनी घरचे पाणी मिळणार होते.

माझ्यात तळापासून सिमेंट भरत आणले. ते चिरांवरून चढत गेले. तेल कुठे दडून बसले आहे ते मला ठाऊक होते, पण सांगायचे कसे? माझे सारे बोलणे पाण्यातून असे, आणि पाण्याची वाटच बंद होत होती. शेवटी माझा वरचा तुकडा कापला आणि माती लोटली.

कोरडे दिवस आले. बाईंनी घरच्या पाण्यात सोया भिजवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मुठीत घेऊन हुंगला आणि सगळा घमेल्यातून उकिरड्यावर नेऊन टाकला. मला जमिनीखालून त्यांची पावले कळत होती. त्या दिवशी ती उकिरड्यापर्यंत पुन्हा पुन्हा गेली-आली.

पालुपी एकटीच आली. बाईंच्या विहिरीतले पाणी तिने नाकाशी धरले.

"लिहून ने ना हे," बाई म्हणाल्या.

"ही विहीर साहेबांच्या हिशेबात नाही, इबू. हिशेबातली होती ती बुजवली. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणतात, काम संपलं, नवी खोदायला कोण परवानगी देणार?"

"मग मी कुणाला विचारू?"

दोघी माझ्या डोक्यावरच्या मातीवर उभ्या होत्या.

मित्रांनो, त्या दोघींच्या पायाखाली मी होते आणि माझ्या अंगाला लागून ते तेल होते. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन अशी एखादी विहीर तपासायला गेले, तर तिला थोडा वेळ द्या. पाणी खाली जाईपर्यंत थांबा, मग झाकण उघडा आणि ती काय सांगते ते ऐका. तिला बंद करायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा.