केसरचं सहावं बोट

शहादेवची पोर केसर सहा बोटांची. उजव्या हाताच्या करंगळीला लोंबणारं इवलंसं बोट, आणि त्याला नखसुद्धा! तलवाड्याजवळच्या वस्तीवर दूध सोसायटीचं केंद्र होतं आणि तिथं माप घ्यायचं काम शहादेवकडं. पोर तीन वर्षांची असताना तिनं एकदा खेळता खेळता रिकाम्या कॅनला हात लावला, आणि नेमकं त्याच दिवशी दूध पहिल्यांदा दहा कॅनांवर गेलं. झालं! तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा केसरचा हात लागल्याशिवाय पहिल्या कॅनात कुणी दूध ओतीना. पुढं दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, गुरं छावणीत गेली, दहा कॅनांचे दोन झाले. पण लोकांचा त्या बोटावरचा जीव काही कमी झाला नाही. "ते हाय म्हणून दोन तरी भरत्यात," असं म्हातारी दगडाबाई म्हणायची.

बोट मात्र पोरीला छळत होतं. बादलीच्या कडीत अडके, फ्रॉकच्या बाहीत अडके. संक्रांतीच्या आधी कॅनच्या झाकणात सापडून असं सुजलं, की पोर दोन दिवस जेवली नाही. बीडचे डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे. काढून टाका."

"पाऊस पडूस्तोवर तरी थांब की बे," केंद्रावरचा जोडीदार आश्रुबा म्हणाला. दगडाबाईनं तर शहादेवशी बोलणंच टाकलं. त्यानं ऊसतोडीला गेलेल्या बायकोला, तुळजाबाईला, फोन लावला.

"मी न्हाई तवरच उरकून घ्या. मला न्हाई बघवायचं," ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "आन् वेण्या नीट घाला तिच्या. डाक्टरपुढं झिपरी नेऊ नका."

शहादेवनं वेण्या घातल्या. एक कानावर आली, एक मानेवर. केसरनं सकाळच्या पहिल्या कॅनाला हात लावला आणि पहाटेच्या एसटीनं बापलेक बीडला पोचले.

भूल द्यायची म्हणून पोरीच्या पोटात काही नव्हतं. ती उपाशी, म्हणून शहादेवनंही चहाचा घोट घेतला नव्हता. केसर सुईला भ्यायली नाही, औषधाच्या वासाला भ्यायली नाही. बराच वेळ बोटाकडं बघत बसली आणि म्हणाली, "आप्पा, हे काढल्यावर मी केंद्रावर यायचं का न्हाई?"

"यायचं की! कावून न्हाई?"

"मग मला कोण बोलवंल? पाच बोटं तर समद्यांनाच असत्यात."

दुधातलं पाणी नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस, पण आता पोरीची मानेवरची वेणीच नीट करत बसला. तेवढ्यात सिस्टर आली. केसरच्या बांगड्या काढून तिनं बापाच्या हातात दिल्या आणि पोरीला आत नेलं. दार लागलं.

अर्धा तास शहादेव त्या बांगड्या मुठीत धरून बसला. गाव शिव्या देईल, ते चालेल. पण पोरीला तिथं एक जागा होती, मान होता. तो आपणच काढून घेतला की काय? दोनदा तो दारापर्यंत गेला. आत शिरावं, पोर खांद्यावर टाकावी आणि सरळ एसटी धरावी, असंही मनात आलं. दोन्ही वेळा मुकाट्यानं बाकावर येऊन बसला.

काम नीट झालं. तीन टाके पडले. केसर शुद्धीवर आली, थोडी कुरकुरली. पुढं दुपारी सिस्टरनं बिस्किट दिलं, पण ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"आता दूध घालत असत्याल," पाच वाजता ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "माज्याबिगर."

साडेपाचला शहादेवचा फोन वाजला. आश्रुबा होता.

"शहादेव, लई घोळ झालाय. दुधाचा टेम्पो येऊन उभा हाय, समदे चरव्या घेऊन उभे हायेत, आन् एकबी ओतंना!"

मागून दगडाबाईचा आवाज आला, "आण तो फोन इकडं! तुज्याशी न्हाई बोलायचं मला, शहादेव. पोरीला दे."

शहादेवनं फोन केसरच्या कानाला लावला. म्हातारीचा आवाज एवढा खणखणीत, की त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

"ए भवाने, किती वाट बघायची गं आमी?"

"आज्जे... माजं बोट काढलं."

"बोट काढलं, पर जीभ तर ठिवली ना डाक्टरनं? मग म्हण, ओता!"

केसरनं बापाकडं बघितलं. "ओता," ती पुटपुटली.

"न्हाई ऐकू आलं!"

"ओता!" केसर अशी ओरडली, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. फोनमधून रिकाम्या कॅनात दुधाची धार पडल्याचा आवाज आला. केसर तोंड उघडं ठेवून तो ऐकत राहिली.

"सांडू नका बरं," तिनं बजावलं.

"न्हाई सांडत, माजी आई. तुजा बाप जेवला का दिसभरात? इचार त्येला."

केसरनं मान वळवून बघितलं.

"आज्जे, आप्पा रडाय लागलाय," तिनं कळवून टाकलं.

"रडू दे त्येला जरा. तू खाऊन घे."

केसरनं डाव्या हातातलं बिस्किट तोंडात कोंबलं.