खांब अंगणात, लाइन पलीकडे

"गेट उघडणार नाय," तनुजा म्हणाली. तिने कडीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली.

बाहेर इंटरनेट कंपनीचा लाइनमन जुनेद खांद्यावर शिडी घेऊन उभा होता. त्याच्यामागे शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष तात्यासाहेब. सकाळपासून सोसायटीचं इंटरनेट बंद होतं आणि बिघाड होता तनुजाच्या अंगणातल्या खांबावर.

हा खांब रोवला तेव्हा तिची आई, आवडाबाई, हिंडती-फिरती होती. चिकलठाण्यामागच्या या गुंठेवारीत कुणी कसली सोय घेऊन येत नाही. कंपनीची माणसं आली याचंच तिला कौतुक. "रोवा बापा, आमालाबी लाइन भेटंल," म्हणत तिने त्यांना चहा पाजला होता. तार मात्र खांबावरून थेट भिंतीपलीकडे गेली. पुढे आवडाबाईला लकवा मारला. तनुजाने उस्मानपुऱ्यातल्या लॅबची नोकरी सोडली आणि घरी बसून रिपोर्ट टाइप करायचं काम धरलं. मोबाइलचं नेट मध्येच जायचं, टाइप केलेलं सगळं उडायचं. कंपनीचं दरवेळी एकच उत्तर, तुमचा एरिया बंद आहे, नवी लाइन मिळणार नाही. आजही जुनेदने तेच सांगितलं.

"बंद कसा? खांब तर माझ्या मोरीला लागून हाय!" तनुजा गेटच्या आतून म्हणाली.

"ताई, उपर से बंद है. मेरे हात में कुछ नई," जुनेद म्हणाला.

तात्यासाहेब पुढे झाले. "पोरांचे ऑनलाइन पेपर चालू आहेत. असं आडवं लागणं शोभतं का तुला?"

"अन् माझं काम रोज बुडतं, ते शोभतं का वो? खांबाला आमची जागा चालती, लाइन द्यायला आमी चालत नाय!"

शेवटी जुनेदने साहेबाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दुरुस्ती करू द्या मॅडम. आजच तुमची लाइन जोडून देतो," साहेब म्हणाला.

"मी साक्षीला आहे," तात्यासाहेब म्हणाले.

तनुजाने कुलूप काढलं.

काम उरकून जुनेद खाली उतरला. "आता माझी जोड," ती म्हणाली. त्याने साहेबाला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, तर पलीकडून कट झाला. "माफ करो ताई," म्हणत त्याने शिडी उचलली.

"तुमच्यासमोर बोलला ना तो?" तिने तात्यासाहेबांना विचारलं.

"बघू गं, मी बोलतो. तोवर आमच्या क्लब हाउसात येऊन बसत जा. पंखा आहे, टेबल आहे."

"अन् आईला कुठं ठेवू?"

तात्यासाहेबांच्या खिशात मोबाइल टणटण वाजू लागला. नेट आलं होतं. मेसेज बघत बघतच ते निघून गेले.

दगड उचलून त्या तारेवर भिरकावावा असं तनुजाला वाटलं. तिने गेट तेवढं धाडकन लोटलं आणि ती घरात गेली.

"भेटली का गं लाइन?" आवडाबाईने जड जिभेने विचारलं.

"आधी कूस बदलू आई," तनुजा म्हणाली, आणि तिने आईच्या पाठीखाली दोन्ही हात घातले.