आबांचं बोलणं राहून गेलं

अण्णारावांना मृत्युपत्र करायचं होतं. अर्धापूरची कालव्याखालची केळीची जमीन त्यांनी स्वतः कमावलेली, त्यामुळे कोणाला किती द्यायची ते ठरवायला ते मोकळे होते. लेकरं दोन. थोरली सिंधु नायगावला दिलेली; नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि तेव्हापासून बाग तीच बघायची. धाकटा सत्यम लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा.

वकील अण्णारावांनीच सुचवला. नांदेडला वजिराबादेत दिपाली गजभारे नावाच्या वकीलबाई होत्या. शेजारच्या व्यंकटीच्या घरातली वाटणी त्यांनी कोर्टाची पायरी न चढता मिटवली होती. सत्यम सुट्टी काढून आला आणि वडिलांना घेऊन गेला.

बाईंनी पाणी दिलं, तब्येत विचारली, मग सत्यमकडं वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबा. मला यांच्याशी एकट्यानं बोलायचंय."

"मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच."

सत्यमला ते लागलं. बापाला दमदाटी करून सही घ्यायला आलोय असं हिला वाटतं की काय? "आबा, चला," म्हणून तो उठला. अण्णाराव थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिले. मग काठी घेऊन त्याच्यामागं निघाले.

पुढच्या आठवड्यात त्यानं त्यांना लातूरला नेलं. त्याच्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथं वकील होते, त्यांचं मोठं ऑफिस होतं. हाताखाली वकील, एसी, चहाबरोबर बिस्किटं. इथं त्याला कोणी बाहेर काढलं नाही. साहेब प्रश्न अण्णारावांना विचारायचे आणि उत्तरासाठी सत्यमकडं बघायचे.

"सगळं मुलाच्याच नावानं ना?"

अण्णाराव म्हणाले, "सिंधु हाय की."

"मुलीचं लग्नात झालं असेल सगळं."

सत्यमनं बिस्किट चहात बुडवलं. अण्णारावांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, चष्मा पुसला आणि सही केली.

परतताना, लोहा गाव मागं पडल्यावर, ते म्हणाले, "सत्यम, त्या नांदेडच्या बाईकडं एकदा जाऊ रे."

"कशाला आबा? झालं की काम."

"जाऊ एकदा."

"पोरांच्या परीक्षा होऊ द्या. मग जाऊ."

परीक्षा संपायच्या आतच अण्णाराव बागेत कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. जवळ एकटी सिंधु होती.

तेराव्यानंतर सत्यमनं मृत्युपत्र वाचून दाखवलं. सिंधु भांडली नाही. "आबांनी सही केली?" एवढंच तिनं विचारलं.

"हो."

"बरं."

त्यानंतर ती त्याला ताट वाढायची, पण बोलायची नाही. सत्यम लातूरला गेला, तरी वर्गात फळ्याकडं वळला की बापाची ती नजर आठवायची. शेवटी एका रविवारी तो वकीलबाईंच्या घरी गेला.

"आबा तुम्हाला काही बोलले होते का? मागाहून फोन वगैरे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारणार होते, तेवढ्यात तुम्ही उठलात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"आता काही करता येतं?"

"मृत्युपत्र बदलता येत नाही. पण जमीन तुमच्या नावावर झाली की तुम्ही ताईंना बक्षीसपत्र करून देऊ शकता. ते तुमच्या हातात आहे."

सत्यमनं विहिरीकडची अर्धी जमीन सिंधुला करून दिली. रजिस्ट्रीच्या दिवशी ती नांदेडला आली, जिथं सांगितलं तिथं सही केली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अक्का, आबांच्या मनात हेच होतं."

"तुला काय ठाव?"

सत्यमनं हातातले कागद पिशवीत घातले.

"जमीन मी घेतली. न्हाई म्हणले न्हाई, ती मीच कसून राहिले," सिंधु म्हणाली. "पण अर्धी, का समदी, का काहीच न्हाई, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तू अंदाजानं देऊन राहिलास, सत्यम. त्यांच्या मनात काय होतं, ते आता कोण सांगल?"

त्या दिवशी केळीची काढणी होती, व्यापाऱ्याची गाडी यायची होती. सिंधु अर्धापूरच्या रिक्षात बसली. सत्यम रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिला, आणि मग बसस्टँडकडं चालू लागला.